नकलेतील चूक आणि तीन पहारेकरी

प्राणवायूवाचून आपले क्षणभरही चालत नाही; परंतु लोखंडाला गंज चढवणारा हाच प्राणवायू पेशीच्या मूळ दप्तरालाही, म्हणजे डीएनएलाही, सतत इजा करीत असतो. त्या दप्तरातील चार अक्षरांपैकी ग्वानिनला ही बाधा सर्वांत सहज होते. अशा बाधित ग्वानिनचा शोध १९८४ साली जपानच्या कासाई व निशिमुरा ह्यांनी लावला. निरोगी ग्वानिनची जोडी सायटोसिनशी जमते; बाधित ग्वानिन मात्र नक्कल होताना ॲडेनिनशीही जुळते. पुढील नकलेत ही चूक कायमची होऊन बसते.

ह्या चुकांना आवर कोण घालते, ह्याचे उत्तर मिळाले ते आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय ह्या जिवाणूकडून. १९५४ साली अमेरिकेत ट्रेफर्स व त्यांच्या सहकाऱ्यांना ह्या जिवाणूचा एक वाण असा आढळला, की ज्यात उत्परिवर्तने वाजवीपेक्षा फार होत. १९७९ साली चेत्सांगा व लिंडाल ह्यांनी बिघडलेली अक्षरे कापून काढणारे एक विकर वेगळे केले. हे विखुरलेले धागे १९९२ साली मायकल्स व मिलर ह्यांनी एकत्र विणले.

त्यातून तीन पहारेकरी दिसून आले. म्यूट-टी हे विकर बाधित ग्वानिनचा कच्चा मालच नष्ट करते. म्यूट-एम दप्तरात आधीच असलेले बाधित ग्वानिन काढून टाकते. तेही चुकले आणि समोर ॲडेनिन बसले, तर म्यूट-वाय ते ॲडेनिन उपटते व दुरुस्तीला पुन्हा संधी देते.

ही कथा जिवाणूपाशीच थांबली नाही. २००२ साली वेल्समधील कार्डिफच्या संशोधकांनी, मोठ्या आतड्यात असंख्य गाठी व कर्करोग झालेली काही भावंडे तपासली. त्यांच्या गाठींत नेमक्या त्याच प्रकारच्या चुका होत्या, आणि म्यूट-वायच्या मानवी जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष होत्या. आज अशा घराण्यात रक्त तपासून कोणाला धोका आहे हे आधी सांगता येते व नियमित तपासणीने गाठी वेळीच काढता येतात.

जिवाणू चुका का करतो, हा १९५४ सालचा प्रश्न तेव्हा निरुपयोगीच वाटला असेल. परंतु त्याच्या उत्तरावर आज माणसांचे प्राण वाचतात. कोणत्या जिज्ञासेला अनुदान द्यावे आणि कोणती फाईल बंद करावी, हे ठरविणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.