१८ एप्रिल : एका दिवसाची कहाणी

आमच्या मंडळाच्या दारालगत एक फळा आहे. त्यावर रोजचा दिनविशेष लिहिण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. एरवी दोन-तीन ओळींत काम भागते. परंतु १८ एप्रिलला फळ्यावर जागा पुरेना. तात्या टोपे यांस फाशी, महर्षी कर्वे यांचा जन्म, दामोदर चापेकर यांस फाशी, चंपारण, भूदान असे एकाखाली एक लिहीत गेले. भजनाला आलेल्या एका वयस्कर भगिनींनी ते वाचले आणि मला विचारले, "अगो, वर फाशी, खाली फाशी आणि मध्ये बाळाचा जन्म! आज गोडाचे करावे की सुतक पाळावे?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण त्यांचा प्रश्न काही मनातून जाईना. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा निरोप आला तेव्हा म्हटले, हेच लिहावे.

क्रमाने पाहू गेल्यास कर्व्यांचा जन्म आधी येतो. १८५८ सालच्या १८ एप्रिलला कोकणात खेडजवळच्या शेरवली या आजोळच्या गावी धोंडो केशव कर्वे जन्मले. तेव्हा उत्तरेत सत्तावन्नचे युद्ध संपलेले नव्हते. येवल्याचे रामचंद्र पांडुरंग, म्हणजेच आपले तात्या टोपे, इंग्रजांशी झुंजत होते. झाशीच्या राणीसाहेब त्याच वर्षीच्या जूनमध्ये पडल्या. पुढे जवळजवळ दहा महिने तात्या रानोमाळ पलटणींना झुलवीत राहिले. अखेर मानसिंगाने घात केला आणि १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरी येथे त्यांना फासावर चढविले. कोकणातील त्या बाळाचा तो पहिला वाढदिवस! तिकडे कोणास याची वार्ताही नसेल.

बरोबर एकोणचाळीस वर्षांनी, १८९८ च्या १८ एप्रिलला, येरवड्याच्या तुरुंगात दामोदर हरी चापेकरांना फाशी झाली. प्लेगच्या बंदोबस्तासाठी पुण्यात नेमलेल्या रँड साहेबाचे शिपाई लोकांच्या माजघरात, देवघरात शिरत. त्या जुलमाचा सूड म्हणून २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. पुढल्या वर्षी मे महिन्यात वासुदेव व बाळकृष्ण हे दोघे धाकटे भाऊही फासावर गेले. चिंचवडचे हे कीर्तनकाराचे घर. वडिलांच्या कीर्तनात साथ करणारे तीन मुलगे होते, आणि तेरा महिन्यांत तिन्ही गेले. इतिहास तिन्ही भावांची नावे सांगतो. मागे त्या घरात चूल कोणी पेटविली, हे मात्र फळ्यावर येत नाही.

त्याच प्लेगात, रँडवर गोळी झाडली जाण्याच्या तीनच महिने आधी, १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. रोग्यांची शुश्रूषा करताना त्यांनाही तोच रोग जडला. साथ एक, शहर एक. कोणी पिस्तूल उचलले, कोणी आजारी लेकरू उचलले. यात थोर कोण हे ठरविण्याइतकी माझी अक्कल नाही. पण दिनविशेष लिहिताना दोन्ही तारखा डोळ्यांपुढे ठेवाव्यात एवढे मला समजते.

आता पुन्हा कर्व्यांकडे वळते. खरे सांगावयाचे तर या दिवशी माझे मन तेथेच घोटाळते. १८७५ साली हा मुलगा सहावीच्या परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यास पायी गेला. शंभराहून अधिक मैलांची वाट, मध्ये सह्याद्रीचा घाट. पोहोचल्यावर साहेबांनी नुसता चेहरा पाहिला आणि वय कमी दिसते म्हणून परीक्षेला बसू दिले नाही. माझे शिक्षण सातवीवर थांबले. शाळा दुसऱ्या गावी होती आणि मुलीने तेवढे चालावे असे घरात कोणास वाटले नाही. म्हणून ही हकीकत वाचताना त्या परतीच्या वाटेवर माझे पाय आपोआप दुखू लागतात.

पुढे ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या. दुसऱ्या लग्नासाठी कुमारिका सहज मिळाली असती. परंतु ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाईंशी विवाह केला. गोदूबाई बालविधवा होत्या आणि त्या सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत्या. मुरुडकरांनी बहिष्कार घातला. कर्व्यांना आपल्याच घरी, आपल्याच आईपाशी मोकळेपणाने उतरता येईना. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला. तेथे प्रथम एक झोपडीच होती. दिवसभर कॉलेजात शिकवायचे आणि संध्याकाळी चिखल तुडवीत हिंगण्यास पायी जायचे. १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले तेव्हा पहिल्या वर्गात विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच.

हे सारे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. परंतु गोदूबाईंनी, म्हणजे बाया कर्वे यांनी, 'माझे पुराण' नावाचे आत्मचरित्र लिहिले आहे, ते भगिनींनी अवश्य मिळवून वाचावे. अण्णांनी साठविलेले पैसे आणि आयुष्याच्या विम्याची पॉलिसी आश्रमाला देऊन टाकली. जगाने त्याला त्याग म्हटले, आणि तो होताच. पण घरात वाढती मुले असताना महिनाअखेर ज्या बाईला हिशेब जुळवायचा असतो, तिला त्या त्यागाची किंमत रोज मोजावी लागते. ते दान दोघांचे होते, आणि पावती मात्र एकाच्या नावे फाटली, असे मी म्हटले तर महर्षींचा अनादर होतो असे मला वाटत नाही. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले हीही विधवाच. आश्रमासाठी मदत गोळा करावयास ही बाई इंग्रजीचा फारसा आधार नसताना १९१८ साली अमेरिकेस गेली आणि पोटासाठी तेथे परक्यांच्या घरी घरकाम करून राहिली. तिची तारीख कोणत्याही कॅलेंडरात मी पाहिलेली नाही.

चंपारणची ओळही अशीच. १८ एप्रिल १९१७ रोजी गांधीजी मोतीहारीच्या कोर्टात उभे राहिले. जिल्हा सोडून जाण्याचा हुकूम आपण मोडला आहे असे त्यांनी स्वतःच कबूल केले, आणि सरकारला खटला मागे घ्यावा लागला. नीळवाल्या गोऱ्यांसाठी वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत सक्तीने नीळ लावण्याची रीत त्यामुळे पुढे बंद झाली. पण नंतर तेथल्या खेड्यांत शाळा काढल्या तेव्हा शिकवावयास कस्तुरबा गेल्या, मुंबईहून अवंतिकाबाई गोखले गेल्या, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन गेल्या. एका खेड्यात कस्तुरबांनी एका बाईला विचारले, लुगडे धूत का नाहीस? तिने त्यांना झोपडीत नेऊन दाखविले, की अंगावरचे सोडून दुसरे लुगडेच नाही, मग धुवू काय आणि नेसू काय? अवंतिकाबाईंनी परत आल्यावर मुंबईत हिंद महिला समाज काढला. आपल्यासारख्या मंडळांची ती थोरली बहीणच म्हणायची.

१९३० च्या याच तारखेला सूर्य सेन आणि त्यांच्या साथीदारांनी चितगावच्या शस्त्रागारावर छापा घातला. १९५१ साली तेलंगणातील पोचमपल्लीस विनोबांपुढे भूमिहीन हरिजनांनी ऐंशी एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. तेथून भूदान सुरू झाले. पुढे मिळालेली पुष्कळशी जमीन पडीक निघाली, वाटलीही गेली नाही, हेही खरे. तरी मागणाऱ्याने ऐंशी मागावे आणि देणाऱ्याने शंभर म्हणावे, असा दिवस लिहून ठेवण्याजोगा आहेच.

त्या वयस्कर भगिनींना मी दुसऱ्या दिवशी सांगितले, "काकू, पुढल्या वर्षी सकाळी दिवा लावू आणि दुपारी शिरा करू." त्या म्हणाल्या, "आणि बायांचे नाव लिही हो फळ्यावर." आता पुढल्या १८ एप्रिलला कर्व्यांच्या ओळीखाली ते लिहायचे ठरले आहे.

१९५८ साली अण्णांना शंभर वर्षे पूर्ण झाली. त्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले, आणि वाढदिवसाला त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट निघाले. ते पाहावयास बाया नव्हत्या. त्या १९५० सालीच गेल्या होत्या.