ॲक्रिलिकचा माल मागवताय किंवा पाठवताय? आधी एचएस कोड समजून घ्या

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या आपल्या बहुतेक घरांतून कुणी ना कुणी दुबई, कुवेत, कतार किंवा सौदीला आहे. तिकडून परतलेले किंवा इथेच राहून धंदा उभा करू पाहणारे तरुण आता आयात-निर्यातीकडे वळू लागले आहेत. नेमप्लेट, दुकानाच्या पाट्या, आयतुल कुर्सीच्या लेझर-कट फ्रेम, शोकेस, ट्रॉफी हे सगळे ॲक्रिलिकचे काम. दुसरीकडे महाड एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांत स्टोअर आणि डिस्पॅचला काम करणाऱ्या आपल्या मुलांच्या हातून रसायनांचे ड्रम आणि त्यांची कागदपत्रे रोज जातात. या दोघांनाही एक प्रश्न कधी ना कधी पडतोच: ॲक्रिलिकचा कस्टम कोड कोणता?

खरे उत्तर असे की ॲक्रिलिकचा एकच कोड नाही. माल कोणत्या रूपात बंदरावर येतो, त्यावर कोड ठरतो. तुम्ही पुढे त्याचे काय करणार किंवा बाजारात त्याला काय म्हणतात, यावर तो सहसा ठरत नाही.

कोड म्हणजे काय?

जागतिक सीमाशुल्क संघटनेने जगातल्या सगळ्या मालाची एक यादी केली आहे. तिला हार्मोनाइज्ड सिस्टिम, म्हणजे एचएस म्हणतात. पहिले सहा अंक जगभर सारखे असतात. भारतात पुढे दोन अंक जोडून आठ अंकी कोड होतो. पहिले दोन अंक चॅप्टर, पहिले चार अंक हेडिंग. प्लास्टिकचा चॅप्टर ३९.

एकच ॲक्रिलिक, घरे अनेक

ॲक्रिलिकची वाटचाल पातळ रसायनापासून तयार वस्तूपर्यंत पाहिली की यादी आपोआप समजते.

• कच्चे रसायन (मोनोमर): मिथाइल मेथाक्रिलेट अजून प्लास्टिक झालेले नाही. ते चॅप्टर २९ मध्ये, २९१६१४. ॲक्रिलिक ॲसिड २९१६११, त्याचे एस्टर (उदा. ब्युटाइल ॲक्रिलेट) २९१६१२.

• दाणे, पावडर, इमल्शन: इथून प्लास्टिक सुरू होते. हेडिंग ३९०६. शुद्ध पीएमएमए असेल तर ३९०६१०, बाकी ॲक्रिलिक पॉलिमर ३९०६९०. पाण्यातले ॲक्रिलिक इमल्शन पातळ असले तरी ते 'प्राथमिक रूप'च मानले जाते.

• शीट: साधी, भरीव, दुसऱ्या कशाशी न जोडलेली पीएमएमए शीट ३९२०५१. फोमसारखी किंवा दुसऱ्या साहित्याशी जोडलेली असेल तर ३९२१. मागे चिकट गोंद असलेली सेल्फ-ॲडेसिव्ह शीट ३९१९.

• रॉड ३९१६, नळी ३९१७, बाथटब आणि सिंक ३९२२, ताट-वाटी-ग्लास ३९२४, शोभेच्या वस्तू ३९२६४०.

• भंगार आणि कातरण ३९१५. मात्र भंगाराच्या आयातीवर पर्यावरणाचे वेगळे निर्बंध आहेत, हे आधी पाहा.

काही वस्तू नावाने ॲक्रिलिक, पण प्लास्टिकच्या चॅप्टरमध्ये नाहीतच. पाण्यातला ॲक्रिलिक पेंट ३२०९ मध्ये, मुलांच्या चित्रकलेचे ट्यूबमधले रंग ३२१३ मध्ये. ॲक्रिलिक तंतू ५५०१ ते ५५०६ मध्ये, त्याचे सूत ५५०९ मध्ये आणि ब्लँकेट ६३०१ मध्ये. ॲक्रिलिक तंतूंवर भारताने पूर्वी अँटी-डम्पिंग शुल्कही लावलेले आहे, त्यामुळे इथली चूक फार महाग पडू शकते. चष्म्याच्या प्लास्टिक भिंगांना ९००१५०, आतून दिवा लागणाऱ्या पाटीला ९४०५.

गडबड कुठे होते?

१) कापलेली शीट. आयताकृती किंवा चौकोनी कापलेली शीट 'शीट'च राहते. पण तीच गोल कापली, भोके पाडली, कोपरे गोल केले की ती 'पुढे काम केलेली' ठरते आणि ३९२० मधून बाहेर पडून बहुधा ३९२६ मध्ये जाते. चॅप्टर ३९ च्या टीप १० मध्ये हे दिले आहे.

२) छपाई. हे आपल्याकडच्या फ्रेमवाल्यांनी नीट लक्षात घ्यावे. ॲक्रिलिकवर आयत किंवा चित्र छापलेले असेल आणि ती छपाई हाच वस्तूचा मुख्य उद्देश असेल, तर माल चॅप्टर ४९ मध्ये, साधारणपणे ४९११ खाली जातो. तीच आयत लेझरने अक्षरे कापून शोभेची फ्रेम म्हणून केली तर ३९२६४०. फ्रेममध्ये घड्याळाचे मशीन बसवले तर पुन्हा वेगळे, चॅप्टर ९१.

३) मिश्रण. एका मोनोमरचा वाटा वजनाने ९५ टक्के किंवा जास्त नसेल तर तो कोपॉलिमर. त्याचे हेडिंग ज्या मोनोमरचा वाटा जास्त त्यावरून ठरते. स्टायरिन-ॲक्रिलिक इमल्शनमध्ये स्टायरिन जास्त असेल तर ३९०३, ॲक्रिलिक जास्त असेल तर ३९०६. शुद्ध पीएमएमएच्या ३९०६१० साठीही हीच ९५ टक्क्यांची अट आहे.

४) द्रावण. ॲक्रिलिक रेझिन उडून जाणाऱ्या सेंद्रिय द्रावकात असेल आणि द्रावकाचे वजन ५० टक्क्यांहून जास्त असेल, तर ते ३९०६ नसून ३२०८.

५) दिसायला ॲक्रिलिक, असायला दुसरेच. पॉलिकार्बोनेटची शीट ३९२०६१, पेटची ३९२०६२, पॉलिस्टायरिनची ३९२०३०. डोळ्यांनी फरक कळत नाही. पुरवठादाराकडून टेक्निकल डेटा शीट घ्याच. शंका आली तर कस्टम नमुना प्रयोगशाळेत पाठवते, आणि तोवर कंटेनर उभा राहिला की डिटेन्शन, डेमरेज चढत जाते.

चूक झाली तर किती पडते?

समजा, बिरवाडीच्या एका तरुणाने १० लाख रुपये मूल्याचा माल न्हावा शेवाला उतरवला आणि चुकीच्या कोडमुळे मूळ सीमाशुल्क ५ टक्के कमी भरले. फरक ५०,००० रुपये. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार ५,०००. या ५५,००० वर १८ टक्के आयजीएसटी ९,९००. एकूण ६४,९००, वर व्याज. दंड लागला तर तो वेगळा. जीएसटी नोंदणी असेल तर आयजीएसटीचे क्रेडिट मिळू शकते, बाकी पैसे खिशातूनच जातात. (हे दर हिशेबापुरते आहेत. तुमच्या मालाचे चालू दर माल मागवण्याच्या दिवशी तपासा.)

'कोड एजंटाने टाकला' हे उत्तर चालत नाही. २०११ पासून आपल्याकडे सेल्फ-असेसमेंट आहे. बिल ऑफ एंट्रीतली माहिती खरी असल्याची जबाबदारी आयातदाराची. साधी चूक असेल तर कमी भरलेल्या शुल्काची मागणी दोन वर्षांपर्यंत येऊ शकते, जाणूनबुजून खोटे सांगितले असेल तर पाच वर्षांपर्यंत. 'सगळेच कमी ड्युटीचा कोड टाकतात' असे सांगणारे भेटतील. पण खाली सही आपली असते. खोटी सही करून वाचवलेला पैसा हलाल कमाईत कसा धरायचा, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

माल पाठवताना

निर्यातीतही आठ अंकी कोड लागतो. रोडटेपचा परतावा त्याच कोडवर ठरतो. यूएईसोबतचा सेपा करार १ मे २०२२ पासून लागू आहे. त्याची सवलत तिकडच्या खरेदीदाराला हवी असेल तर मूळ देशाचे प्रमाणपत्र लागते. त्यावरचा कोड, आपले शिपिंग बिल आणि तिकडची नोंद यांचे पहिले सहा अंक जुळले पाहिजेत. म्हणून ऑर्डर पक्की करतानाच खरेदीदाराशी कोड ठरवून घ्या.

सुट्टीवर येताना घरासाठी आणलेली एखादी फ्रेम हा वेगळा विषय. ते बॅगेज, हेडिंग ९८०३. पण बॅगेत वीस फ्रेम विकायला आणल्या तर त्याला घरगुती सामान म्हणता येणार नाही.

माल मागवण्याआधी

• आयईसी आणि जीएसटी नोंदणी तयार ठेवा.
• मालाचे वर्णन पूर्ण लिहा. 'ॲक्रिलिक आयटम' पुरत नाही. साहित्य, जाडी, माप, छपाई आहे का, कापलेले आहे का, हे सगळे इनव्हॉइसवर हवे.
• डेटा शीट, फोटो आणि एक नमुना जपून ठेवा.
• एजंटाने सुचवलेला कोड कशाच्या आधारावर आहे, ते लेखी विचारा.
• मोठा किंवा वारंवार येणारा माल असेल तर मुंबईच्या कस्टम्स ॲडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे आधीच अर्ज करा. कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर तो निर्णय ठरावीक मुदतीपर्यंत चालतो.
• चूक नंतर लक्षात आली तर लपवू नका. कलम १४९ खाली कागदपत्रांत दुरुस्ती मागता येते, आणि फरक स्वतःहून भरणाऱ्याची बाजू नेहमी मजबूत राहते.

महाड, पोलादपूरचा कोणी भाऊ किंवा बहीण पहिला कंटेनर मागवत असेल तर हा लेख त्यांच्यापर्यंत पोहोचवा. पहिल्याच फेरीत माल अडकला की उमेद खचते आणि उसने आणलेले पैसेही अडकतात. अल्लाह सर्वांच्या रोजीत बरकत देवो.