वॅटचा आकडा आणि त्याचा पालटलेला अर्थ : संगणकाच्या वीजपुरवठा-संचाचा इतिहास

भिंतीतील प्रत्यावर्ती प्रवाहाचे ३.३, ५ व १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करणाऱ्या संचास भारतीय बाजारात ‘एसएमपीएस’ म्हणतात. या आद्याक्षरी नावात यंत्राचे कार्य गौण असून पद्धती प्रधान आहे. विद्युत्प्रवाहाची अतिवेगाने उघडमीट करण्याची ही पद्धती मोठ्या गणकयंत्रांत व ऑसिलोस्कोपांत आधीच रूढ होती. १९७७ च्या ‘अ‍ॅपल २’साठी रॉड होल्ट यांनी ती योजिली. हा शोध मुळात ‘अ‍ॅपल’चाच, ही पुढे पसरलेली समजूत इतिहासास धरून नाही.

१९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक निघाला, तेव्हा त्याच्या संचाची शक्ती ६३.५ वॅट होती. हा आकडा उलगडून पाहण्याजोगा आहे. ५ व्होल्टवर ७ अँपिअर, म्हणजे ३५ वॅट. १२ व्होल्टवर २ अँपिअर, म्हणजे २४ वॅट. उरलेले साडेचार वॅट ऋण दाबाच्या दोन वाहिन्यांचे. निम्म्याहून अधिक भार ५ व्होल्टवर होता आणि संच संगणकाबरोबरच येत असल्याने ही बेरीज ग्राहकास तपासावी लागत नसे.

पुढे संच सुटा विकला जाऊ लागला. १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ मानक मांडले व आकार आणि जोडण्या निश्चित झाल्या. मात्र आतील मालाच्या दर्जाची हमी त्यातून मिळाली नाही. २००० साली पेंटियम ४ बरोबर प्रक्रियकाचा भार १२ व्होल्टकडे वळला. दाब अधिक असल्यास तीच शक्ती कमी प्रवाहात वाहून नेता येते व तारांतील हानी घटते, हे त्याचे कारण. खेळांच्या संगणकातील चित्रपत्रिका, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, हीही मुख्यतः १२ व्होल्टवरच चालते : सहा पिनांच्या जोडणीतून ७५ वॅट, आठ पिनांच्या जोडणीतून १५०. स्वस्त संचांच्या पट्टीवर मात्र ३.३ व ५ व्होल्टचे वॅट मिळवून फुगविलेली बेरीज छापली जात राहिली. अशा वेळी बेरीज खोटी नसे, परंतु ग्राहक तिच्यात जो अर्थ वाचीत असे तो तिच्यात उरलेला नसे. लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट येणारा संच घेणाऱ्याने ही पट्टी वाचणे म्हणूनच अगत्याचे ठरते. १२ व्होल्टपुढील अँपिअरांना १२ ने गुणावे व तोच आकडा खरा मानावा.

२००४ साली सुरू झालेल्या ‘८० प्लस’ प्रमाणनाने २०, ५० व १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमतेची अट घातली. पुढे ब्राँझ, गोल्ड अशा पायऱ्या आल्या. लोकव्यवहारात ‘गोल्ड’ म्हणजे टिकाऊ, असा अर्थ रूढ झाला, तो निराधार आहे. या चाचणीत कार्यक्षमता मोजली जाते. अतिप्रवाहापासून संरक्षण आहे की नाही, कपॅसिटर किती वर्षे टिकतील, हे तीत पाहिले जात नाही. शतकारंभी निकृष्ट द्रावणाचे कपॅसिटर फुगून असंख्य यंत्रे निकामी झाली होती, हे येथे ध्यानी घ्यावे.

किमतीविषयी उलट भ्रम आढळतो. ‘आरटीएक्स ४०६०’ पत्रिकेस ११५ वॅट व ‘रायझन ५ ७६००’ प्रक्रियकास कमाल ८८ वॅट लागतात. अन्य भागांस ५० धरले तरी बेरीज २५३ होते. अशा यंत्रास ५५० वॅटचा चांगला संच पुरेसा असता ८५० वॅटचा सुमार संच घेणे हा निव्वळ अपव्यय होय. तेच पैसे दीर्घ हमीच्या संचावर खर्चणे शहाणपणाचे. मोठ्या पत्रिकांची गोष्ट वेगळी. त्यांचे क्षणिक झटके ध्यानी घेऊन २०२२ च्या ‘एटीएक्स ३.०’ मानकाने १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसण्याची अपेक्षा ठेवली.

‘८० प्लस’ची चाचणी सुमारे २३ अंश सेल्सिअसला होते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरांचे आयुष्य साधारण निम्मे होते. काही उत्पादक आपली शक्ती ४० वा ५० अंशांस मोजल्याचे नमूद करतात. स्वस्त संचांच्या पट्टीवर तापमानाचा रकाना बहुधा नसतोच.