गुणक, भाजक आणि मालकांचा वकील

मालकांचा वकील म्हटले, की आपल्याकडे बहुतेकांच्या कपाळाला आठी पडते. जुने निवाडे चाळताना मला तो भेटला, तो मात्र बहुतेकदा आकडेमोड करताना.

मुळात त्याने तिथे असावे, हेच कायद्याला फारसे पसंत नव्हते. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या ३६व्या कलमाने समेटाच्या कामकाजातून वकिलांना वगळले. न्यायाधिकरणापुढे उभे राहायचे, तर समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी, दोन्ही हवीत. तरी तो आलाच, मालकसंघटनेचा पदाधिकारी होऊन. अशा पदाधिकाऱ्याला त्याच्या सनदेमुळे अडवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पारादीप पोर्ट ट्रस्टच्या खटल्यात १९७६ साली स्पष्ट केले. (युनियनच्या वकील पदाधिकाऱ्यांनाही हीच वाट मोकळी होती.)

त्याचा कस लागे तो बोनसच्या खटल्यांत. मुंबईच्या गिरणीमालक संघाच्या प्रकरणात कामगार अपील न्यायाधिकरणाने १९५० साली सूत्र घालून दिले. ढोबळ नफ्यातून घसारा, प्राप्तिकर, भरणा झालेल्या भांडवलावर ६ टक्के परतावा, खेळत्या भांडवलात वापरलेल्या गंगाजळीवर त्याहून कमी आणि यंत्रांच्या पुनर्वसनाची तरतूद वजा करायची. उरेल त्यात कामगारांचा वाटा. सारी मेख पुनर्वसनात होती. युद्धानंतर यंत्रे महागली होती. मूळ किमतीच्या किती पट आजची किंमत, हा गुणक. यंत्र अजून किती वर्षे चालेल, हा भाजक. गुणक वाढवा, भाजक घटवा, की शिल्लक गडप! भागधारकांपुढे धडधाकट असलेले यंत्र न्यायाधिकरणापुढे मरणपंथाला लावण्याची ही नामी सोय होती.

१९५९ साली असोसिएटेड सिमेंटच्या निकालात न्या. गजेंद्रगडकरांनी सूत्र कायम ठेवले. पुनर्वसनाचा दावा मात्र मालकाने पुराव्यानिशी सिद्ध केला पाहिजे, असे बजावले. ताळेबंदातली नोंद म्हणजे पुरावा नव्हे, हेही पुढच्याच वर्षी पेटलादच्या रंगकारखान्याच्या खटल्यात ठरले. माझ्या मते हे वळण सूत्राइतकेच मोलाचे. मालकाचा हिशेब आता उलटतपासणीला उभा राहिला.

१९६५च्या बोनस कायद्याने पुनर्वसनाची वजावटच काढून टाकली आणि तोट्यातही किमान ४ टक्के बोनस बांधून दिला. मालकांच्या वकिलांनी त्यालाही आव्हान दिले. जालान ट्रेडिंगच्या खटल्यात १९६६ साली किमान बोनसचे कलम टिकले. ३३, ३४(२) आणि ३७ ही कलमे मात्र न्यायालयाने रद्द केली.