शक्तिगुणक सुधारणा, शहादा परिसरातील

प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणाऱ्या) विद्युत् प्रवाहाच्या मंडलात प्रत्यक्ष कामी येणारी शक्ती आणि दाब व प्रवाह यांचा गुणाकार यांच्या गुणोत्तराला शक्तिगुणक म्हणतात. निकोला टेस्ला यांनी १८८८ मध्ये एकस्व मिळविलेल्या प्रवर्तन चलित्राला (मोटरीला) चुंबकीय क्षेत्रासाठी जादा प्रवाह लागतो. तो काम न करता तारा तापवितो. चलित्रापाशी धारित्र (कपॅसिटर) जोडल्यास हा प्रवाह जागच्या जागी मिळतो. शक्तिगुणक ०·७ वरून ०·९५ वर नेल्यास त्याच कामासाठी तारांतील उष्णतारूपी व्यय जवळजवळ निम्म्यावर येतो.

उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस तापी असलेला शहादा तालुका (१९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात, नंतर नंदुरबार जिल्ह्यात) ऊस, केळी व पपई पिकवितो. विहिरी, कूपनलिका व तापीचे पात्र यांतील पाणी मुख्यतः विजेच्या पंपांनी उचलले जाते. लांब वाहिनीच्या टोकाला दाब घसरला की, भरलेले चलित्र अधिक प्रवाह घेते व त्याची वेटोळी जळतात. रोहित्रच जळाले, तर त्यावरील सर्वांचे पाणी थांबते.

पाच अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे २ केव्हीएआरचे धारित्र पुरते. ते चलित्राच्या अग्रांना जोडले की पंपाबरोबरच चालू-बंद होते. वेगळा नियंत्रक लागत नाही. इतका स्वस्त उपाय सार्वत्रिक झाला नाही, याचे कारण आकारणीत शोधावे लागते. राज्य वीज मंडळाने १९७७ मध्ये कृषिपंपांना अश्वशक्तीनुसार ठोक दर लावला. पुढे मापके परत आली, तरी पुष्कळ पंप बिनमापकीच राहिले. एप्रिल २०२४ पासून ७·५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज मोफत झाली. धारित्र बसविणाऱ्याचे बिल त्यामुळे घटत नाही आणि दाबातील सुधारणा शेजाऱ्यांत वाटली जाते.

साखर कारखाना, सूत गिरणी यांसारख्या उच्चदाब ग्राहकांचे तसे नाही. त्यांची आकारणी एप्रिल २०२० पासून किलोव्होल्ट-अँपिअर-तासांवर होते. शक्तिगुणकातील घट थेट बिलात उतरते. भार मोठा व बदलता असल्याने तेथे स्वयंचलित नियंत्रक धारित्रांचे गट टप्प्याटप्प्याने जोडतो व सोडतो. त्याची निवड एकूण शक्तीपेक्षा सर्वांत लहान टप्पा व भारबदलाची गती यांवर अधिक अवलंबून असते. भार सावकाश बदलत असल्यास स्पर्शक (काँटॅक्टर) पुरतात. झपाट्याने बदलणाऱ्या भाराला थायरिस्टर लागतात. चलवेगी चालकांमुळे प्रवाहात संनादी घटक असल्यास धारित्रांशी एकसरीत प्रवर्तकेही जोडावी लागतात.

असे पटल गावच्या रोहित्रापाशी बसविता येते व त्याने रोहित्र हलके होते. तेथून पंपांपर्यंतच्या तारा मात्र पूर्वीइतक्याच तापतात.