दोन हंस

परवा रात्री झोप येईना म्हणून जुनी गाणी लावून बसलो होतो. जुनी म्हणजे चारशे-पाचशे वर्षांपूर्वीची, मॅड्रिगल. चार-पाच गळ्यांनी मिळून गायचं, प्रत्येकाची चाल वेगळी. योगायोग बघा, लागोपाठ दोन हंस लागले आणि दोघेही मरणारे!

पहिला आर्काडेल्टचा, १५३९ सालचा, इटलीतला. हंस गात पण दुःखानं मरतो, प्रियकर मात्र सुखानं. तिथल्या प्रेमकवितेत 'मरण' म्हणजे प्रणयाचा कळस, हे ऐकणाऱ्याला पक्कं ठाऊक असे. म्हणून तर असं मरण पुन्हापुन्हा मागताना शेवटी एकेक आवाज मागून येऊन मिळत राहतो. शब्दासाठी सूर वाकवायचा, हा इटालियनांचा ध्यास. पुढे जेझुआल्दोनं (हाच तो उमराव, ज्यानं १५९० मध्ये बायकोचा आणि तिच्या प्रियकराचा खून करवला) 'मृत्यू' शब्दावर सूर असे काही पिळले की आजही दचकायला होतं. माँतेवेर्दीच्या भावानं तर १६०७ मध्ये लिहूनच टाकलं, शब्द मालकीण, दासी नव्हे.

इंग्लंडमध्ये झालं उलटं. १५८८ मध्ये निकोलस यंगनं लंडनला ५७ मॅड्रिगल छापली, बहुतेक इटालियन, पण शब्द इंग्रजी. म्हणजे चाल आधीच तयार, शब्द तिच्या मापाने बेतलेले! मला वाटतं, तिथला हलकेपणा इथूनच आला. मॉर्लेची गाणी गोड, खेळकर, मेंढपाळ आणि वसंत. वील्क्सच्या गाण्यात लोक दोघे-दोघे चालतात तेव्हा दोनच आवाज गातात. शब्द रंगवायची इटालियन युक्ती इथे गंमत होते. मी बरीच वर्षं या सगळ्याला नक्कल समजत होतो.

मग दुसरा हंस लागला. ऑर्लँडो गिबन्स, १६१२. आयुष्यभर मुका असलेला हंस मरताना एकदाच गातो. प्रेम नाही, प्रणय नाही. जगात शहाण्यांपेक्षा मूर्ख जास्त झाले, एवढीच खंत. सूर कुठेही पिळलेला नाही, पाच आवाज शांतपणे खाली उतरतात. तोवर माँतेवेर्दी ऑपेराकडे वळला होता, आणि इंग्लंडमध्येही या प्रकाराचे शेवटचे दिवस चालू होते. ही खंत मॅड्रिगललाच लागू पडते, असं अनेकांना वाटतं. मलाही.

जेमतेम दीड मिनिटाचं गाणं. त्या रात्री चारदा ऐकलं. आर्काडेल्टकडे परत गेलो नाही.