हडसनकांठचीं घरें आणि त्यांचा रंग

जुन्या घरास नवा रंग देतांना तो पूर्वींसारखाच असावा, असें गृहस्थ मोठ्या अभिमानानें सांगतात. पण ‘पूर्वीं’ म्हणजे केव्हां? हडसन नदीच्या पश्चिम तीरावरील न्यूबर्गकडे पाहतां हा प्रश्न सोपा राहत नाहीं.

व्हिक्टोरिया राणीच्या काळांतील घर म्हटलें कीं पांढऱ्या भिंती व हिरव्या झडपा पुष्कळांच्या डोळ्यांपुढें येतात. वास्तविक याच न्यूबर्गांत १८१५ सालीं जन्मलेल्या अँड्र्यू जॅक्सन डाउनिंगनें या जोडीवर लेखणी उगारली होती. १८४२ च्या आपल्या ‘कॉटेज रेसिडेन्सेस’ ग्रंथांत रंगांचे नमुने देऊन त्यानें सांगितलें कीं, घराचा रंग माती, दगड, लाकूड यांवरून घ्यावा. हिरवाईंत शुभ्र घर डोळ्यांस खुपतें. बिचारा १८५२ त ‘हेन्री क्ले’ आगबोटीस आग लागली तेव्हां त्याच हडसनमध्यें बुडाला. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वसाहतकालीन शैलीची आवड परतली, आणि अनेक करड्या, तपकिरी घरांवर पांढरा हात फिरला. आज तोच प्राचीन समजला जातो!

खरा रंग शोधावयाचा तर जुने थर सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावे लागतात. पण त्यांत बहुधा शिशाचा सफेता असतो. अमेरिकेंत घरगुती रंगांतील शिशावर बंदी आली ती १९७८ त. कोरडें घासल्यास विषारी धूळ अंगणांत पसरते, आणि तिची बाधा मुलांस अधिक होते. म्हणून जागा ओली करून नखाएवढा तुकडा काढावा व घट्ट राहिलेला थर न छेडतां त्यावरच नवा हात द्यावा, असें आम्हांस वाटतें.